जहाज ‘अग्राउंड’ आहे म्हणजे नेमकं काय? आणि ते इतके दिवस का निघत नाही?

ओंजळभर पाणी (धागाकर्ता)

जहाजांची ये-जा थेट दाखवणारे नकाशे बघत बसायचा मला नाद आहे. प्रत्येक जहाजाच्या नावाखाली त्याची स्थिती लिहिलेली असते. बहुतेकांची ‘इंजिनवर चालू’, बंदराबाहेर ताटकळणाऱ्यांची ‘नांगरलेलं’. परवा एका मालवाहू जहाजाखाली ‘अग्राउंड’ असं दिसलं. उथळ पाण्यात तळाला लागलंय इतपत अर्थ लागला. पण जहाज बरेच दिवस तिथेच आहे. समुद्राला दिवसातून दोनदा भरती येते, मग पुढच्या भरतीला ते आपोआप का सुटत नाही? शिवाय ग्राउंडिंग, स्ट्रँडिंग, बीचिंग असे तीन शब्द वाचनात येतात. त्यांत खरंच फरक आहे की बातमीदार हाताला लागेल तो वापरतात? जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

जुना डेक ऑफिसर

चांगला प्रश्न आहे. सविस्तरच लिहितो.

जहाजाची ती स्थिती एआयएस नावाच्या, जहाजाची ओळख आणि जागा रेडिओवरून आपोआप कळवणाऱ्या यंत्रणेतून येते. तिच्यात प्रत्येक स्थितीला एक आकडा ठरलेला आहे. 0 म्हणजे इंजिनवर चालू, 1 नांगरलेलं, 5 धक्क्याला बांधलेलं आणि 6 म्हणजे अग्राउंड. हा आकडा ब्रिजवरच्या, म्हणजे जहाज चालवण्याच्या खोलीतल्या, माणसाला स्वतः बदलावा लागतो, म्हणून कधीकधी चालत्या जहाजाखालीसुद्धा जुनीच स्थिती दिसत राहते. तुम्ही पाहिलेलं जहाज जागचं हललेलं नाही म्हणताय, तेव्हा नोंद खरी असणार.

समुद्रावरच्या टकरी टाळण्यासाठी 1972 साली जे आंतरराष्ट्रीय नियम ठरले, त्यांत ‘अंडरवे’ची व्याख्या नकारातून केली आहे. जहाज नांगरलेलं नाही, किनाऱ्याला बांधलेलं नाही आणि अग्राउंडही नाही, तर ते अंडरवे. इंजिन बंद ठेवून पाण्यावर नुसतं तरंगणारं जहाजसुद्धा अंडरवेच. याचा अर्थ अग्राउंड ही जहाजाची कायदेशीर अवस्था आहे. ती सुरू झाली की दिवे बदलतात, खुणा बदलतात, धुक्यातली घंटा बदलते.

आता तीन शब्द. ग्राउंडिंग म्हणजे जहाजाचा तळ समुद्राच्या तळाला लागणं, मग ते क्षणभर घासून पुढे गेलं तरी. स्ट्रँडिंग म्हणजे लागल्यावर तिथेच अडकून पडणं. बीचिंग म्हणजे जाणूनबुजून किनाऱ्यावर चढवणं. भोक पडून बुडणारं जहाज खोल पाण्यात गमावण्यापेक्षा कप्तान ते वाळूवर नेऊन बसवतो, ते बीचिंग. रणगाडे उतरवणारी नौदलाची जहाजं तर रोजच्या कामाचा भाग म्हणून किनाऱ्यावर चढतात. चढण्याआधी बऱ्याच अंतरावर मागचा नांगर टाकून ठेवतात आणि काम झालं की त्याच नांगराच्या दोराने स्वतःला मागे ओढून घेतात.

आणखी एका अवस्थेची याच्याशी गल्लत होते. मोठं भरलेलं जहाज अरुंद खाडीतून जाताना ‘माझा तळ पाण्यात फार खोल असल्यामुळे मला बाजूला वळता येणार नाही’ असं इतरांना कळवू शकतं. त्यासाठी रात्री एकाखाली एक तीन लाल दिवे, दिवसा काळा दंडगोल. ते जहाज उथळ पाण्यामुळे जखडलेलं असतं, पण तरंगत असतं आणि चालतही असतं.

भरतीच्या प्रश्नाला वेगळा प्रतिसाद लागेल, जरा वेळाने लिहितो.

चांदणं

वाचतेय. अग्राउंड जहाजाचे दिवे कसे असतात तेही लिहा ना.

जुना डेक ऑफिसर

नांगरलेल्या जहाजाचे पांढरे दिवे, शिवाय एकाखाली एक दोन लाल दिवे. ज्या जहाजाचं सुकाणू किंवा इंजिन निकामी झालंय आणि जे कुणाला वाट देऊ शकत नाही, तेही असेच दोन लाल दिवे लावतं. म्हणजे अग्राउंड जहाज एका वेळी दोन गोष्टी सांगत असतं: मी जागेवर आहे आणि मी हलू शकत नाही. दिवसाच्या खुणांतही तीच बेरीज आहे. नांगरलेल्याला एक काळा गोळा, निकामी झालेल्याला दोन, अग्राउंड असलेल्याला एकाखाली एक तीन. शिकाऊ पोरांना मी हे असंच पाठ करून घ्यायचो. 12 मीटरपेक्षा लहान बोटीला मात्र अग्राउंड असताना हे लाल दिवे आणि गोळे लावायची सक्ती नाही.

जुना डेक ऑफिसर

आता मुख्य प्रश्न. पुढच्या भरतीला जहाज का निघत नाही.

आधी विचारायचं ते हे की जहाज रुतलं तेव्हा पाणी कुठे होतं. ओहोटीला रुतलं असेल तर बहुतेक वेळा चिंता कमी. पाणी चढणारच आहे, सहा तास धीर धरायचा. अर्धी भरती झालेली असेल तरी आशा असते. पण ऐन भरतीच्या माथ्यावर रुतलं तर यापुढे पाणी फक्त उतरणार. त्यातही ती उधाणाची भरती असेल तर खरी पंचाईत.

अमावास्या-पौर्णिमेला, किंवा त्यानंतर एक-दोन दिवसांनी, उधाणाची भरती येते. तेव्हा चढ सर्वांत जास्त आणि उतारही जास्त. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, तेव्हा पाणी जेमतेम चढतं आणि जेमतेम उतरतं. एका उधाणापासून दुसऱ्या उधाणापर्यंत साधारण पावणेपंधरा दिवस जातात. समजा जहाज उधाणाच्या माथ्यावर वाळूवर चढलं. बारा-साडेबारा तासांनी पुन्हा भरती येते, पण थोडी कमी. तिच्यानंतरची आणखी कमी. दिवसातून दोनदा पाणी येतं, जहाजाला शिवतं आणि उचलण्याआधीच मागे फिरतं. आठवडाभर हे असंच उतरत जातं, मग पुढचा आठवडा पुन्हा चढत जातं. अशा जहाजाला जुन्या दर्यावर्दी इंग्रजीत ‘नीप्ड’ किंवा ‘बिनीप्ड’ म्हणतात. भांगाच्या भरतीने कोंडून ठेवलेलं, असा त्याचा भाव.

मार्च आणि सप्टेंबरमध्ये, दिवस-रात्र समान होतात त्या सुमारास, उधाण वर्षातलं सर्वांत मोठं असतं. अशा उधाणाला कुणी किनाऱ्यावर चढलं तर तितकं पाणी पुन्हा यायला सहा महिनेही लागू शकतात.

तेव्हा, ओंजळभर पाणी, तुमचं जहाज कुठल्या तिथीला रुतलं ते बघा. पौर्णिमा किंवा अमावास्या जवळ असेल तर ते का निघत नाही याचं उत्तर पंचांगातच सापडेल.

पानोपानी इतिहास

डेक ऑफिसर साहेबांनी लिहिलंय त्याचं ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकेची ‘मिसूरी’ ही युद्धनौका. दुसऱ्या महायुद्धात जपानने जिच्या डेकवर शरणागतीच्या कागदावर सही केली तीच. 17 जानेवारी 1950 रोजी व्हर्जिनिया राज्याच्या किनाऱ्यावर हॅम्प्टन रोड्सजवळ ती थिंबल शोल या उथळ पट्ट्यावर चढली, आणि तीही भरतीच्या माथ्यावर. मुख्य वाटेपासून जवळजवळ तीन जहाजलांबी आत. तेल काढलं, दारूगोळा काढला, अन्नसाठाही उतरवला, आजूबाजूची वाळू उपसली, बाहेरून फुगे लावले, टगांची (जहाजं ओढणाऱ्या ताकदवान बोटींची) रांग लावली. तरी ती सुटली 1 फेब्रुवारीला, पुढच्या उधाणाच्या पाण्यावर. नौदलाची सगळी साधनं हाताशी होती, पण मुहूर्त चंद्रानेच काढला.

दुसरं उदाहरण मला याहून आवडतं. जेम्स कुकचं ‘एन्डेव्हर’. 11 जून 1770 च्या रात्री ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर ते प्रवाळाला लागलं. वेळ भरतीच्या माथ्याची. कुकने सहा तोफा, लोखंडी आणि दगडी बॅलास्ट (तोल सांभाळायला तळाशी ठेवलेलं वजन), पिंपं, असं चाळीस-पन्नास टन वजन समुद्रात फेकायला लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला भरती आली. एवढं वजन कमी होऊनही जहाज तरंगलं नाही, दीडेक फूट पाणी कमी पडलं.

मला थक्क करतं ते पुढचं. त्या भागात दिवसाची आणि रात्रीची भरती सारखी नसते, त्या दिवसांत रात्रीची मोठी होती. म्हणून सगळी भिस्त रात्रीच्या पाण्यावर. पण पाणी चढू लागलं तशी गळतीही वाढली. खाली प्रवाळाने भोक पाडलं होतं आणि तेच प्रवाळ जहाजाला धरूनही होतं. ओढून बाहेर काढलं तर ते खोल पाण्यात जाऊन बुडेल की काय, ही भीती कुकने आपल्या रोजनिशीत नोंदवली आहे. तरीही त्याने ओढायचं ठरवलं आणि रात्री दहाच्या सुमारास जहाज सुटलं. मग एका जुन्या शिडावर दोरांचा भुगा, लोकर आणि शेण थापून ते शीड बुडाखालून ओढून भोकावर बसवलं. पाण्याच्या दाबानेच ते चिकटून राहिलं. पुढे नदीच्या मुखाशी जहाज कलतं करून पाहिलं तेव्हा प्रवाळाचा एक मोठा तुकडा तुटून भोकातच अडकून बसलेला मिळाला. त्याने बूच लावलं नसतं तर हे सगळं सांगायला कुणी उरलंच नसतं. फेकलेल्या तोफा 1969 साली समुद्रतळावर सापडल्या.

चांदणं

बापरे! म्हणजे जहाज सुटणं हीच भीतीची वेळ?

जुना डेक ऑफिसर

अगदी बरोबर. म्हणून रुतल्यावर पहिलं काम ओढण्याचं नसतं.

ब्रिजवर बसलेला धक्का मोठा असेलच असं नाही. मऊ चिखल असेल तर वेग हळूहळू उतरतो, इतकंच. नवख्या अधिकाऱ्याचा हात लगेच ‘फुल अस्टर्न’कडे, म्हणजे पूर्ण जोराने मागे जाण्याकडे, जातो. ते करू नये. इंजिन थांबवायचं, धोक्याची घंटा द्यायची, पाणबंद दारं लावायची. मग खालच्या प्रत्येक टाकीचं साउंडिंग घ्यायचं.

साउंडिंग म्हणजे काय ते सांगतो. डेकवर प्रत्येक टाकीची एक बारीक नळी वर आलेली असते, तिला पितळी टोपण. त्यातून वजन लावलेली पोलादी फीत टाकीच्या तळापर्यंत सोडायची. फितीवर खडू किंवा पाण्याने रंग बदलणारा लेप लावलेला असतो, वर काढली की पाणी कुठवर आहे ते दिसतं. पण अनुभवी बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) फीत सोडायच्या आधीच कान देतो. टोपण सैल करताना हवा फुसफुसत बाहेर आली तर खालून टाकीत पाणी शिरतंय आणि ते हवेला वर ढकलतंय. तो आवाज एकदा ऐकलेला माणूस विसरत नाही. अशा वेळी टोपण पुन्हा घट्ट करायचं. हवा आत कोंडली तर ती शिरणाऱ्या पाण्याला काही प्रमाणात अडवते.

त्यानंतर जहाजाच्या चारी बाजूंनी समुद्राची खोली मोजायची. छोटी होडी उतरवून, नाहीतर डेकवरूनच हाताने ओळंबा सोडून. जुन्या शिशाच्या ओळंब्याच्या बुडाला खोलगट जागा असते, तिथे चरबी भरायची. वर काढल्यावर चरबीला वाळू, शिंपल्यांचा चुरा किंवा चिखल चिकटलेला दिसतो. काहीच चिकटलं नाही आणि चरबीवर नुसता ठसा उमटला तर खाली खडक. कुठे किती पाणी आणि कसला तळ हे कळल्याशिवाय कुठल्या दिशेला ओढायचं ते ठरवता येत नाही.

शिडाची होडी

माफ करा, इथे थोडं वेगळं मत मांडतो. आमच्या छोट्या शिडाच्या बोटींचं गणित निराळं आहे. चिखलात हळूच टेकली असेल आणि ओहोटी लागलेली असेल तर पहिलं मिनिट लाखमोलाचं असतं. तेव्हा साउंडिंग घेत बसलो तर बोट तिथेच कलंडते. ताबडतोब शीड उतरवायचं किंवा उलटं भरायचं, सगळ्यांनी एका बाजूला जाऊन बोट कलती करायची म्हणजे खालचा कणा वर उचलला जातो, आणि ज्या वाटेने आलो त्याच वाटेने मागे. नाही जमलं तर दोरासह छोटा नांगर खोल पाण्यात नेऊन टाकायचा आणि पाण्याची वाट बघायची.

जुना डेक ऑफिसर

तुमच्या बोटीसाठी तुमचं म्हणणं शंभर टक्के पटतं. तिथे तळ डोळ्यांना दिसतो, बोटीचा वेग कमी असतो आणि भोक पडलं तर लगेच कळतं. दोनशे मीटरच्या जहाजावर मात्र तुम्ही मागे ओढायला लागलात आणि खाली खडक असेल तर एका टाकीपुरती असलेली फाट तुम्ही स्वतःच तीन टाक्यांपर्यंत लांबवता. शिवाय अस्टर्न मारलं की पंख्याचा (प्रोपेलरचा) प्रवाह वाळू ढवळून बुडाखाली भरतो. इंजिन थंड ठेवणारं पाणी बुडाजवळच्या तोंडातून आत येतं, त्यातून वाळू आणि चिखल खेचला जातो. म्हणून इंजिनरूमला लगेच सांगायचं की पाणी वरच्या तोंडातून घ्या.

आणखी एक गोष्ट ऐकायला उलटी वाटते. मागून लाटा येत असतील आणि जहाज उघड्या किनाऱ्यावर असेल तर पहिले काही तास वजन कमी करायचं नाही, उलट वाढवायचं. बॅलास्टच्या टाक्या भरून जहाज तळावर घट्ट बसवायचं. हलकं जहाज प्रत्येक लाटेबरोबर उचललं जातं, आपटतं आणि आणखी आत ढकललं जातं. आधी त्याला जागेवर धरायचं, नांगर टाकायचे, टग येऊ द्यायचे. हलकं करायचं ते ओढायच्या वेळी.

तराफा

जहाजबांधणीच्या बाजूने आकडे मांडतो, म्हणजे एवढं सगळं का करावं लागतं ते कळेल.

प्रत्येक जहाजाचा एक आकडा असतो: ते एक सेंटीमीटर खोल बसायला किती टन लागतात. 200 मीटरच्या आसपासच्या मालवाहू जहाजासाठी उदाहरणादाखल 60 टन धरू. रुतण्याआधी ते 11 मीटर खोल बसत होतं. रुतल्यावर पुढचं, मधलं आणि मागचं माप घेऊन सरासरी काढली तर 10.5 मीटर. म्हणजे जहाज 50 सेंटीमीटर वर उचललं गेलंय. 50 गुणिले 60, तीन हजार टन. एवढं वजन पाण्याने सोडून दिलंय आणि जमिनीने उचललंय. आम्ही याला जमिनीची प्रतिक्रिया म्हणतो.

आता ओढायला किती जोर लागेल? ते घर्षणावर अवलंबून. मऊ चिखलात प्रतिक्रियेच्या साधारण पाव भाग, वाळूत तिसरा हिस्सा किंवा थोडा जास्त, प्रवाळावर निम्म्याहून वर, खडकात अडकलं तर प्रतिक्रियेइतका किंवा त्याहूनही जास्त. आपल्या उदाहरणात वाळू धरली तर हजार टनांच्या पुढे. बंदरातला चांगला टग 60 ते 70 टन ओढतो. म्हणजे पंधरा-सोळा टग एकाच दिशेने, एकाच वेळी. एवढे टग लावायला जागाही नसते.

ओहोटीने पाणी आणखी एक मीटर उतरलं तर प्रतिक्रिया सहा हजार टनांनी वाढून नऊ हजारांवर जाते. उलट भरती नेहमीपेक्षा फक्त 30 सेंटीमीटर जास्त चढली तर अठराशे टन कमी होतात, आणि त्यासाठी कुणाला काही करावं लागत नाही. म्हणून सॅल्व्हेजवाले, म्हणजे अडकलेली जहाजं सोडवणारे, टगांची संख्या मोजतात त्याहून जास्त लक्ष भरतीच्या तक्त्यावर आणि हवेच्या दाबावर ठेवतात. दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की समुद्र साधारण एक सेंटीमीटर वर येतो.

आणखी एक धोका. पाणी उतरताना जहाज एखाद्या उंचवट्यावर टेकून राहिलं तर त्याचा तोल बिघडतो, कारण खालून वर रेटणारा जोर आता जमिनीचा असतो आणि तो अगदी तळाशी लागतो. समुद्रात ठणठणीत असलेलं जहाज ओहोटीला कलंडू शकतं.

आणि चिखलाचं वेगळंच. चिखलात पाय रुतला की सरळ वर ओढून निघत नाही, घोटा इकडेतिकडे हलवून कडेने पाणी आत शिरू द्यावं लागतं. जहाजालाही नुसतं मागे न ओढता शेपटीकडून डावी-उजवीकडे वळवत राहतात, म्हणजे तळाची पकड सुटते.

ओंजळभर पाणी

तराफा, तो 30 सेंटीमीटरचा हिशेब वाचून डोळे उघडले. म्हणजे 2021 मध्ये सुएझ कालव्यात ‘एव्हर गिव्हन’ सुटलं तेही असंच का?

तराफा

हो, बऱ्याच अंशी. 23 मार्चला ते कालव्यात आडवं अडकलं, 29 मार्चला सुटलं. पौर्णिमा होती 28 मार्चला. शिवाय महिना मार्चचा, मोठ्या उधाणाचा. नाळेखालून (पुढच्या टोकाखालून) जवळजवळ 30,000 घनमीटर वाळू उपसली, मोठे समुद्री टग आले आणि वरून उधाणाचं पाणी मिळालं. तिन्ही एकत्र जुळून आलं. पाणी हुकलं असतं तर कंटेनर उतरवायला लागले असते. 400 मीटर लांबीच्या जहाजावरून, तेही कालव्याच्या मध्यभागी, हे काम किती किचकट झालं असतं याची कल्पना करा.

आणि ते रुतलं कसं यात वाऱ्याइतकाच उथळ पाण्याचाही विचार करावा लागतो. उथळ पाण्यात जहाज वेगाने गेलं की बुडाखालच्या अरुंद फटीतून पाणी जोरात मागे धावतं, तिथला दाब उतरतो आणि जहाज खाली बसतं. याला स्क्वॉट म्हणतात. अंदाजासाठी एक सोपं सूत्र आहे: वेगाचा नॉटमधला (ताशी सागरी मैलांतला) आकडा, त्याचा वर्ग, त्याला जहाजाच्या भरीवपणाच्या गुणांकाने (पाण्याखालचा भाग चौकोनी डब्याच्या किती जवळ जातो तो आकडा) गुणून शंभराने भागायचं, उत्तर मीटरमध्ये. गुणांक 0.8 आणि वेग 10 नॉट असेल तर 80 सेंटीमीटर. कालव्यासारख्या बंदिस्त पाण्यात साधारण दुप्पट, 1.6 मीटर. वेग निम्मा केला तर स्क्वॉट निम्मा नाही, पाव होतो. उथळ पाण्यात वेग उतरवणं हा सर्वांत स्वस्त उपाय आहे, हे माझं ठाम मत. कालव्यात एका काठाच्या जवळ गेल्यावरही तसंच होतं. काठाकडच्या बाजूचा दाब उतरतो, मागचा भाग काठाकडे ओढला जातो आणि नाक समोरच्या काठाकडे वळतं.

पानोपानी इतिहास

स्क्वॉटवरून ‘क्वीन एलिझाबेथ 2’ आठवलं. 7 ऑगस्ट 1992, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सजवळ कटीहंक बेटाच्या दक्षिणेला ते प्रवासी जहाज 24-25 नॉटच्या वेगात खडकाला लागलं. चार्टवर तिथे 39 फूट खोली होती, पण ती 1939 च्या सर्वेक्षणातली. खडक चार्टवर नव्हताच. आणि इतक्या वेगात जहाज किती खाली बसेल याचा ब्रिजवरचा अंदाज कमी पडला. माणसं सगळी सुखरूप राहिली, तळाला मात्र मोठी इजा झाली.

विमा आणि मी

सागरी विम्यात वावरतो, म्हणून स्ट्रँडिंगवर लिहिल्याशिवाय राहवत नाही. मूळ प्रश्न होता ना, बातमीदार काहीही शब्द वापरतात का. बातमीत चालून जातं, पॉलिसीत नाही.

जुन्या मालविम्यात अट असायची की किरकोळ नुकसान आम्ही देणार नाही, ‘जहाज स्ट्रँड झालं असेल तर’ मात्र देऊ. मग जहाज खरंच स्ट्रँड झालं का यावर खटले. इंग्लंडमध्ये 1816 साली एका खटल्यात जहाज खडकाला लागून दीड मिनिटं थांबलं आणि सुटलं. न्यायालयाने सांगितलं की हे लागून निघून जाणं झालं, स्ट्रँडिंग नव्हे. ठरावीक काळ एका जागी टेकून राहिलं पाहिजे, आणि तेही नेहमीच्या प्रवासाबाहेरच्या कारणाने. दीड मिनिटाच्या फरकावर मालवाल्याचे पैसे गेले.

जहाजाच्या पॉलिसीत मला मनापासून आवडणारं एक कलम आहे. स्ट्रँडिंगनंतर मुद्दाम तळ तपासण्यासाठी केलेला वाजवी खर्च विमा कंपनी देते, तपासणीत काहीच इजा सापडली नाही तरी. हे कलम नसतं तर ‘सुटलंय ना, मग जाऊ द्या पुढे’ म्हणून किती मालकांनी जहाज तसंच दामटलं असतं.

जहाज वाचवण्यासाठी माल फेकला, टग लावले, मुद्दाम वाळूवर चढवलं, तर तो खर्च एकट्या मालकावर पडत नाही. जहाज आणि त्यावरचा सगळा माल यांच्या किमतीच्या प्रमाणात तो वाटला जातो. याला जनरल ॲव्हरेज म्हणतात. एव्हर गिव्हनच्या वेळी ते जाहीर झालं होतं, म्हणजे ज्याचा कंटेनर सुखरूप होता त्यालाही हमी दिल्याशिवाय माल हातात मिळेना. अनेक छोट्या आयातदारांना ही तरतूद तेव्हाच पहिल्यांदा कळली.

अवांतर: काही बंदरांत ओहोटीला धक्क्याशी पाणीच राहत नाही. तिथे जाणाऱ्या जहाजांच्या करारात स्पष्ट लिहिलेलं असतं की जहाज कायम तरंगत राहील असं नाही, पण सुरक्षितपणे तळावर बसेल. मऊ, सपाट चिखलावर ते रोज टेकतं, माल चढवत राहतं, भरतीला उठतं. ही दुर्घटना नव्हे.

चांदणं

धुक्यात अग्राउंड जहाज कसं ओळखायचं? वर घंटेचा उल्लेख आलाय पण पुढे काहीच नाही.

जुना डेक ऑफिसर

खरंय, राहून गेलं. नांगरलेलं जहाज धुक्यात दर मिनिटाच्या आत सुमारे पाच सेकंद घंटा भराभर वाजवतं. अग्राउंड असेल तर त्या वाजवण्याच्या लगेच आधी तीन स्वच्छ, सुटे टोले आणि लगेच नंतर पुन्हा तीन. जहाज 100 मीटर किंवा जास्त लांब असेल तर पुढे घंटा झाल्यावर मागच्या बाजूला झांजेसारखी मोठी थाळी वाजवतात, म्हणजे ऐकणाऱ्याला लांबीचा अंदाज येतो. तीन टोले ऐकू आले की एवढंच समजू नका की समोर कुणी अडकलंय. तिथे पाणी उथळ आहे आणि तुम्हीही त्याच दिशेने निघालाय.

ओंजळभर पाणी

शेवटचा प्रश्न. किती दिवस प्रयत्न करायचे आणि कधी सोडून द्यायचं, हे कोण ठरवतं?

पानोपानी इतिहास

धीराचं उदाहरण देतो. ‘ग्रेट ब्रिटन’, ब्रुनेल या इंग्रज अभियंत्याने उभारलेलं लोखंडी बांध्याचं, पंख्याने चालणारं प्रवासी जहाज. सप्टेंबर 1846 मध्ये आयर्लंडच्या डंड्रम उपसागरात वाळूवर चढलं आणि ऑगस्ट 1847 पर्यंत तिथेच होतं. अख्खा हिवाळा लाटांचा मार. ब्रुनेलने लाकडाच्या मोळ्यांचा बांध घालून त्याला आडोसा केला. लाकडी जहाज असतं तर हिवाळ्यातच फुटलं असतं. लोखंडाच्या बांध्यावर लोकांचा विश्वास बसायला या प्रसंगाची मोठी मदत झाली.

तराफा

दुसऱ्या टोकाला ‘वाकाशिओ’. 25 जुलै 2020 रोजी मॉरिशसच्या प्रवाळावर चढलं. किनाऱ्याजवळ मोबाइलचा सिग्नल मिळावा म्हणून वाट बदलली होती, असं तपासात पुढे आलं. मागून सतत मोठ्या लाटा, खाली प्रवाळ. जहाज पुढे अडकलेलं आणि मागे हलतं, म्हणजे मधल्या पत्र्यांवर प्रत्येक लाटेचा पीळ. काही दिवसांत टाकी फुटून सुमारे हजार टन तेल सांडलं आणि ऑगस्टच्या मध्यावर जहाज दुभंगलं. तिथे पुढच्या उधाणाची वाट बघण्याइतका वेळच नव्हता.

जुना डेक ऑफिसर

ठरवणारे अनेक असतात. मालक, विमा कंपनी, सॅल्व्हेज कंपनी आणि त्या किनाऱ्याचं सरकार. सॅल्व्हेजचा जुना करार ‘वाचवलं तर पैसे, नाही तर नाही’ या तत्त्वावरचा आहे, त्यामुळे सॅल्व्हेजवाला उगाच आशा धरून बसत नाही. आणि जहाज सोडून दिलं म्हणून मालक मोकळा होत नाही. भग्नावशेष हटवण्याबद्दलचा नैरोबी करार 2007 मध्ये झाला, 2015 पासून लागू आहे. त्यात सामील देशांत धोकादायक अवशेष हलवण्याची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते आणि मोठ्या जहाजांना त्यासाठी विमा सक्तीचा आहे.

कधीकधी जहाज ओढून काढणं शक्य असूनही काढू नये, असा निर्णय होतो. अमेरिकेच्या नौदलाचं ‘गार्डियन’ हे सुरुंग शोधणारं जहाज 17 जानेवारी 2013 रोजी फिलिपीन्समधल्या तुब्बताहा या संरक्षित प्रवाळावर चढलं. डिजिटल चार्टमध्ये तो प्रवाळ खऱ्या जागेपासून सुमारे आठ सागरी मैल चुकीच्या ठिकाणी दाखवला होता. अर्थात चार्टवरच विसंबून डोळे, रडार आणि दिवे यांच्याकडे दुर्लक्ष झालं, हेही चौकशीत नोंदलं गेलं. लाटांनी त्याच्या लाकडी बांध्याची आधीच दुर्दशा केली होती आणि ओढत नेलं असतं तर प्रवाळाचा मोठा पट्टा खरवडून निघाला असता. म्हणून आधी तेल काढून घेतलं, मग तरंगत्या क्रेनने जहाजाचे तुकडे कापून एकेक करून उचलले. मार्चअखेर जागा मोकळी झाली. प्रवाळाच्या नुकसानीची भरपाई अमेरिकेने नंतर वेगळी दिली.